झडतीवाली अनसूयामावशी

भिवंडीजवळ राहनाळच्या गोदामात मी नोकरीला लागले त्या पहिल्याच संध्याकाळी एका बाईने माझा डबा उघडला आणि उरलेलं वरण चमच्याने तळापर्यंत ढवळून बघितलं. बघून झाल्यावर झाकण घट्ट लावलं, डबा परत दिला आणि हात पुढे केला.

"पर्स."

ती अनसूया भोईर. बायकांच्या गेटवरची सिक्युरिटी गार्ड. सुटी झाली की गोदामातली प्रत्येक बाई तिच्या हाताखालून जायची. ऑनलाइन मागवलेला माल आमच्याकडून पुढे जायचा, त्यामुळे एखादं घड्याळ, एखादा मोबाइल कमरेला खोचून नेणं कुणाला अवघड नव्हतं. झडती व्हायचीच, त्याचं मला काही नव्हतं. मला लागलं ते वेगळंच. ही बाई कामतघरला आमच्याच चाळीत, दोन दारं सोडून राहायची. तिच्या ओट्यावर बसून मी लहानपणी चिंचा खाल्ल्या होत्या.

"मावशी, मी रमा," मी हळूच म्हटलं.

"माहीत हाय. पर्स."

रात्री ती आमच्या दारात आली, माझ्या आईच्या हातची भाकरी मागून घेतली आणि जाताना म्हणाली, "रमे, गेटवर मी तुझी कोण न्हाय. वाईट वाटून घेऊ नको. घेतलंस तरी चालंल." त्यानंतर इतकी वर्षं तिने मला गेटवर 'मॅडम' म्हटलं, घरी 'रमे' म्हटलं, आणि माझा डबा ढवळणं काही सोडलं नाही.

तिचं माहेर अकलोलीच्या बाजूला. भातशेतीचं घर. लग्न होऊन कामतघरला आली तेव्हा चाळीच्या चारी बाजूंनी कापड विणणाऱ्या लूमची खडखड चालायची, आणि त्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची तिची सवय लूम बंद पडल्यावरही गेली नाही. बोलणं गावाकडचंच राहिलं. त्या बोलण्यात एक प्रश्न कायम असायचा: "तू बघितलंस?"

कुणी म्हणालं, कल्याणला पाऊस लागलाय, तर "तू बघितलंस?" कुणी म्हणालं, अमक्याच्या पोराला सरकारी नोकरी लागली, तर "तू बघितलंस?" मला पगारवाढ मिळणार असं साहेबांनी सांगितलं तेव्हा मी पेढे घेऊन तिच्याकडे गेले. तिने पेढा हातात धरला, खाल्ला नाही. "कागद दिला का? बघितलास?" मी चिडले. पगारवाढ पुढे बरेच महिने आली नाही. ती आली त्या दिवशी मावशी स्वतःहून दारात येऊन म्हणाली, "आता दे पेढा."

दुधाचा एक थेंब फरशीवर सोडून तो कसा ओघळतो ते बघितल्याशिवाय ती दूध घ्यायची नाही. रिक्षात बसायच्या आधी वाकून सीटखाली बघायची. एकदा हेड ऑफिसमधून एक मोठ्या बाई आल्या होत्या. मॅनेजर म्हणाले, यांना सोडा. मावशीने त्यांनाही थांबवलं. काही सापडलं नाही. बाई रागाने लाल होऊन गाडीत बसल्या. मावशी मला म्हणाली, "सापडलं न्हाय खरं. पण एक बाई आणि पर्समधे तीन चार्जर. कशाला लागतात गं?"

हसू यायचं, पण नेहमीच नाही. पॅकिंगला शबाना नावाची एक अबोल पोरगी होती. तिची चाल मावशीला एक दिवस खटकली. तिने तिला बाजूला घेतलं, खोलीत नेलं, आणि बराच वेळ बाहेर सोडलं नाही. शबानाकडे काहीच नव्हतं. पायाला फोड आला होता, म्हणून लंगडत होती. दुसऱ्या दिवसापासून ती पोरगी कामावर आली नाही. मी मावशीला म्हटलं, "घरी जाऊन एकदा सॉरी तरी म्हण." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण फोड तरी मी कुठं नीट बघितला?"

ही बाई अशी का झाली ते चाळीत सगळ्यांना माहीत होतं, तिच्यासमोर कुणी काढायचं नाही इतकंच. तिचा नवरा लूमवर होता. शेठने लूम भंगारात काढली. नवऱ्याने ते घरी सांगितलंच नाही. रोज सकाळी मावशी डबा भरून द्यायची, तो सायकलवर बसून ड्युटीला म्हणून निघायचा, आणि दिवसभर तलावाच्या कठड्यावर बसून संध्याकाळी थकून घरी यायचा. कित्येक महिने. पगार म्हणून जे आणायचा ते उधारीचं होतं. मावशीला हे कळलं भाजीवालीकडून. "तुमचे मालक रोज तलावावर जेवतात, हवा चांगली असते का तिकडं?" असं ती सहज म्हणाली. मावशीने त्या दिवशी भाजी घेतली नाही. पुढे वर्षभरात नवरा आजारपणाने गेला. मग ती सिक्युरिटीत लागली.

तिचा एकुलता एक मुलगा नीलेश. शांत, उंच, बापासारखा खांदे पाडून चालणारा. मावशी त्याचा मोबाइल उघडून बघायची, शर्टाचे खिसे बघायची, एकदा त्याच्या मागोमाग रिक्षा करून अंजूरफाट्यापर्यंत गेली होती. तो मित्राच्या गॅरेजमध्ये बसला होता. तिथे मित्रांसमोर आई उभी राहिलेली बघून तो उठून तिच्याबरोबर घरी आला. पण थोड्याच दिवसांत त्याने दूरची नोकरी धरली आणि गेला.

नोकरी कसली, तर कोकणात, रत्नागिरीच्याही खाली, वाळशेत नावाच्या गावात समुद्राकाठी गोल्फचं मैदान आहे, तिथे गवत राखायची.

मावशी माझ्याकडे येऊन बसली. "गोल्फ म्हंजे ते टीव्हीत श्रीमंत लोक खेळतात तेच ना?"

"तेच."

"मग ते समुद्राच्या वाळूत कशाला येतील? वाळूत गवत असतं? तू बघितलंस?"

मी नव्हतं बघितलं. नीलेश फोटो पाठवायचा. हिरव्या उंचवट्यांवर एक झेंडा, मागे समुद्र. मावशी फोटो माझ्यासमोर धरायची. "सगळ्या फोटोत माणूस एक बी न्हाय. का न्हाय?" फोनवर मागे घूं घूं आवाज यायचा. तो म्हणायचा वारा आहे. ती म्हणायची, "पंखा हाय. कुठं तरी कोंडून ठेवलंय त्याला." त्याच दिवसांत आमच्या भागातला एक मुलगा नोकरीच्या नावाखाली लोकांना फोनवरून फसवणाऱ्या कुठल्याशा ऑफिसात अडकून, कसाबसा परत आला होता. त्याने काय काय सांगितलं ते मावशीने दोनदा ऐकलं होतं. ती जेवेनाशी झाली. गेटवर तिचा हात बायकांच्या अंगावरून नुसता फिरायचा, लक्ष नसायचं.

एक दिवस म्हणाली, "रमे, तुझ्या फोनमधे नकाशा हाय. चल."

"आधी त्याला सांगूया."

"सांगितलं की लपवंल."

"मग तू एकटी जा."

"मी एकटीनं बघितलं तर कोण मानंल? मीच न्हाय मानणार."

मी रजा टाकली. थंडीचे दिवस होते. रात्रभर बसमध्ये ती जागी होती. ड्रायव्हर डुलकी घेतो का, ते आरशातून बघत. सकाळी तालुक्याच्या गावी उतरलो, रिक्षा केली. रिक्षावाला वळून म्हणाला, "गोल्फाक? तुमी खेळूक इलात?" आणि स्वतःच हसला. मावशीने माझा हात दाबला. "बघ. याला पण खोटं वाटतंय."

रस्ता संपत चालला तसा मलाही धीर वाटेना. घरं संपली, काजूच्या बागा संपल्या, मग नुसता लाल मातीचा रस्ता आणि वारा. शेवटी एक गंजलेलं गेट. पाटीवरची अक्षरं खाऱ्या हवेने खाल्लेली, 'खाजगी' एवढंच वाचता येत होतं. रिक्षावाला आम्हाला सोडून वळला. रिक्षाचा आवाज ऐकू येईनासा झाला तेव्हा मला वाटलं, त्याला थांबवायला हवं होतं.

गेटवर एक म्हातारा वॉचमन. मावशीने विचारलं, "नीलेश भोईर हाय का?"

त्याने आठवून बघितलं. "असो कोण नाय हय."

मावशीचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. ओठ पांढरे पडले. तिने पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "गवत कापतो. उंच हाय. असा चालतो," असं म्हणून तिने खांदे पाडून चार पावलं चालून दाखवलं. त्या उजाड गेटसमोर ती बाई आपल्या मुलासारखी चालून दाखवत होती, आणि मी उगाच फोनमधला नकाशा पुढे-मागे करत होते.

म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. "भिवंडी? तो भिवंडी काय?" आणि तोंडाशी हात धरून ओरडला, "रे भिवंडी! आवस इली तुझी!" आवस म्हणजे आई. नीलेशचं खरं नाव तिथे कुणाला ठाऊकच नव्हतं.

आत सोडताना त्याने आमच्या पिशव्या तपासल्या. वरवर. मावशी तशातही म्हणाली, "खालचा कप्पा राहिला."

नीलेश टेकडीवरून धावत आला. हातात लांब दांडा, पायात गमबूट, चेहरा उन्हाने काळा झालेला. "काय झालं? कोण गेलं?"

"कोण न्हाय गेलं. बघायला आले."

"मला?"

तिने त्याच्या मागच्या टेकडीकडे बघितलं. मग म्हणाली, "जागा."

त्याच्या डोळ्यांतलं काहीतरी विझलं. पण त्याने आम्हाला त्याच्या खोलीवर नेलं. एक खाट, एक खिडकी, खुंटीवर दोन शर्ट. तो चहा आणायला गेला. मी खिडकीतून समुद्र बघत होते. वळले तर मावशीचा हात गादीखाली कोपरापर्यंत गेला होता, आणि दारात नीलेश तीन कप धरून उभा होता.

"काही मिळालं?" त्याने विचारलं.

"सुरकुती काढत होते," ती म्हणाली. मावशीला खोटं बोलताना मी तेवढंच एकदा ऐकलं. तिला अजिबात जमलं नाही.

त्याने कप खाली ठेवले आणि अख्खी गादी उचलून भिंतीला उभी केली. खाली फळी आणि जुनं वर्तमानपत्र. मग ट्रंक उघडली, शर्टाचे खिसे उलटे केले. "बघ. रमाताई, तुम्ही पण बघा. तिला साक्षीदार लागतो म्हणून आणलंय तुम्हाला." त्याचा आवाज चढला नव्हता. "बाबांच्या वेळेला तू काही बघितलं नाहीस, म्हणून आता सगळ्यांचं बघत सुटलीस. पण बाबा चोर नव्हते आई. लाजले होते ते."

मावशी खाटेच्या नुसत्या फळीवर बसली. तिने चहाचा कप उचलला, वास न घेता, ढवळून न बघता प्यायली. बाहेर वारा खरोखरच पंख्यासारखा घूं घूं करत होता.

थोड्या वेळाने नीलेशच म्हणाला, "आलीस तर चल. बघून घे सगळं."

ते मैदान मला अजून दिसतं. मला वाटलं होतं बागेसारखं काही असेल. तिथे वाळूच्याच टेकड्या होत्या, समुद्राच्या लाटांसारख्या एकामागे एक, आणि त्यांच्यावर आखूड, दाट गवत. कडेने वाळूवर मर्यादवेल पसरलेली, मधूनच केवड्याची बेटं. एकही झाड सरळ नाही, सगळी वाऱ्याने एका बाजूला झोपवलेली. "अशा समुद्राकाठच्या मैदानाला लिंक्स म्हणतात," नीलेश म्हणाला. "हे कुणी बांधलेलं नाही. वाऱ्याने केलंय. आम्ही फक्त गवत राखतो."

मावशी चालता चालता बुटकं गवत उपटून बघत होती. खरं होतं. एका खळग्यापाशी थांबली. "एवढी जागा अशीच मोकळी? आपल्याकडं असती तर गोदाम झालं असतं. होणार असंल इथं बी. तुला सांगत नसतील."

"होईल तेव्हा होईल."

"आणि खेळात पंच कुठं उभा राहतो?"

"पंच नसतो. ज्याने त्याने आपले फटके मोजायचे आणि सांगायचे."

मावशी जागच्या जागी उभी राहिली. "आणि खोटं सांगितलं तर?"

"तर सांगितलं."

"कोण बघत न्हाय?"

"कोण नाही."

ती त्याच्याकडे असं बघत राहिली, जणू त्याने सांगितलं, इथे गेटला दार नसतं.

त्या दिवशी मैदानावर दोनच माणसं होती. दोन म्हातारे, मुंबईहून आलेले, वाऱ्याने टोप्या उडू नयेत म्हणून एका हाताने धरून चालणारे. त्यातल्या एकाचा चेंडू उडाला आणि टेकडीपलीकडच्या खोलगट जागेत वेलीत पडला. आम्ही बरोबर वरच्या कडेला, केवड्याच्या आडोशाला उभे होतो. त्याचा जोडीदार पलीकडे, त्याला काही दिसत नव्हतं. मावशीने माझं मनगट धरलं आणि खाली बसवलं. मला कळलं, ती ड्युटीवर होती.

म्हातारा वेलीत वाकला, काठी टेकवली, थांबला, पुन्हा नीट उभा राहिला. मारलं. चेंडू हातभर सरकला. पुन्हा मारलं, वाळू उडाली. मावशी बोटांच्या पेरांवर मोजत होती. चौथ्या फटक्याला चेंडू वर गेला. "चार," ती कुजबुजली. "आता बघ, दोन सांगंल."

ती टेकडीच्या कडेकडेने त्याच्याबरोबर चालू लागली, आम्ही तिच्यामागे. नीलेश दोनदा म्हणाला, "आई, नको." खाली झेंड्यापाशी दोघे म्हातारे भेटले. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे येत होता.

"कितने लगे उधर?" जोडीदाराने विचारलं.

"पाँच."

मावशीने पेरं पुन्हा मोजली. माझ्याकडे बघितलं. मीही चारच मोजले होते.

"एक जास्ती सांगितला," ती म्हणाली. तिच्या आवाजात तीच धार होती जी गेटवर काही सापडल्यावर यायची. "का सांगितला? काय डाव हाय?"

"डाव काही नाही," नीलेश म्हणाला. "काठी टेकवताना त्याच्याकडून चेंडू हलला असेल. हलवला की एक फटका आपल्यावर घ्यायचा."

"मला न्हाय दिसला हलताना."

"आई, त्याला दिसला ना."

मावशी उभी राहिली. खालचे म्हातारे पुढच्या झेंड्याकडे निघाले होते, एक जण काहीतरी बोलून हसत होता. ती त्यांच्या पाठीकडे बराच वेळ बघत होती. वाऱ्याने पदर डोक्यावरून उडाला तरी तिने तो सावरला नाही. शेवटी नीलेशकडे वळून तिने विचारलं, "पगार वेळेवर देतात?"

नीलेश हसला. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच.

निघताना तो गेटपर्यंत आला. म्हणाला, "पुन्हा यायचं असेल तर सांगून ये."

"सांगून आल्यावर काय दिसतं?"

"मी दिसतो," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्याला डोकं टेकून झोपली. मला वाटलं, बाई बदलली. तेवढ्यात तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "रमे, त्या म्हाताऱ्याला आपण दिसलो असणार. म्हणून पाच सांगितले." आणि परत झोपली.

गेटवर तिचं काम तसंच चालू राहिलं. माझं वरण ढवळणंही. फक्त एक दिवस ती रिक्षा करून कुठेशी गेली, आणि नंतर मला चाळीतून कळलं की ती शबानाच्या घरी गेली होती. तिथे काय बोलली ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग गोदामात झडतीचं मशीन आलं. मावशीला त्याच्याशेजारी खुर्ची दिली. तिला ते मशीन पटलंच नाही. "ते बघत न्हाय गं, नुसतं वाजतं."

एके संध्याकाळी ती माझ्या दारात आली, बसली नाही. "निल्याचा फोन आला. लग्न करतोय. मुलगी वाळशेतची हाय, बालवाडीत शिकवते."

मी लगेच फोन काढला, बसची वेळ बघायला. "कधी जायचं बघायला?"

"मी त्याला म्हटलं, कर."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पण ती उंबऱ्यातच वळून घरी गेली होती, आणि तिच्या घरातून भांडी जोरजोरात घासल्याचा आवाज येत होता.

लग्नाला मला जाता आलं नाही, गोदामात स्टॉकची मोजणी निघाली. मावशी लग्नानंतर तिकडेच राहिली. खोली सोडायला नीलेश एकटाच आला. त्यामुळे ती मला शेवटची दिसली ती भिवंडीच्या एसटी स्टँडवर, लग्नाला निघाली त्या दिवशी. मी सोडायला गेले होते. दोन पिशव्या, एक ट्रंक, आणि सुनेसाठी घेतलेली मोरपंखी साडी वेगळी, हातात.

"रंग खुलेल ना तिला?" मी विचारलं. "फोटो पाठवला असेल नीलेशने. दाखव."

"पाठवलाय. उघडला न्हाय मी."

"का गं?"

"उघडला की बघत बसन. नाक बघन, हात बघन, मागं कोण उभं हाय ते बघन." तिने साडीची पिशवी छातीशी धरली. "आणि बघत बसलं की काय तरी सापडतंच मला. समोर येऊ दे तिला, चा देऊ दे. मग बघन."

गाडी लागली. मी ट्रंक चढवून दिली आणि खाली उतरले. मावशीने खिडकीची जागा पकडली होती. कंडक्टर पिशवी वर फळीवर ठेवा म्हणून हात करत होता, ती मान हलवत होती. गाडी मागे येऊन वळली तेव्हा मी हात हलवला. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. शेजारी बसलेल्या माणसाला ती काहीतरी विचारत होती, आणि तो बिचारा खिशातून तिकीट काढून तिला दाखवत होता.